गोगलगाय अन् टँकमध्ये पाय!

*घरच्या अ‍ॅक्वेरियममध्ये स्नेल आणायचा विचार आहे? मस्त! पण शर्टासारखी पिशवीतून काढली अन् वापरायला घेतली, असं इथे चालत नाही, बॉस. या पाहुणीचं स्वागत जरा सबुरीनंच करावं लागतं...*

चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली की आपण सगळेच गोगलगायी होतो. पाठीवर सॅकचं ओझं आणि वेग तासाला काही फूट! फरक एवढाच, की गोगलगायीला घाई नसते आणि आपल्याला असते. म्हणूनच असेल कदाचित, पण चाकण-भोसरी-हिंजवडीच्या पट्ट्यात दिवसभर टार्गेट, ऑडिट आणि 'आजच पाहिजे'वाले मेल झेलून आलेल्या मंडळींना घरच्या टँकमध्ये काचेवरून सरकणारा तो पिवळाधमक शंख फार आवडायला लागलाय. कुत्रा पाळायचा तर फिरवायला वेळ नाही, मांजर पाळायचं तर घरमालक तयार नाही. वन बीएचकेत कोपऱ्यातली दोन फुटांची काचेची पेटी मात्र सहज बसते. मासे झाले, झाडं झाली, की पुढचा नंबर स्नेलचा.

माझ्याकडे तीन फुटी टँक आहे आणि त्यात या संथ मंडळींची छोटीशी वस्ती. त्यामुळे शनिवार उजाडला की ऑफिसमधल्या कुणाचा तरी फोन ठरलेला. "अरे, दुकानात आलोय, कुठला स्नेल घेऊ?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला. "तुझा टँक किती दिवसांचा आहे?" पलीकडे दोन सेकंद शांतता. कारण खरा फण्डा तिथेच आहे!

पाहुणी आहे, सफाई कामगार नव्हे

'स्नेल टाका, टँक आपोआप साफ राहील' हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका गैरसमज. स्नेल काचेवरचं शेवाळ खाते, माशांचं उरलेलं खाणं संपवते, हे खरंच. पण जे खाते ते बाहेरही टाकते की! म्हणजे टँकमधली घाण ती गायब करत नाही, तिचं रूप बदलते. त्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधल्या स्पंजवर राहणारे उपयोगी जीवाणू या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जीवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही काचेसारखं दिसो, ते तयार नसतं.

म्हणून टेस्ट किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसेपर्यंत स्नेल आणू नका. हे दोन्ही आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. किटचे चार थेंबच ते सांगतात.

आमच्या ग्रुपमधल्या एकानं शुक्रवारी संध्याकाळी पाच स्नेल आणल्या, थेट पाण्यात सोडल्या आणि लाँग वीकएण्डला गावी गेला. सोमवारी रात्री परतला तेव्हा दोन स्नेल दगडामागे कुजल्या होत्या आणि त्यांच्या पाठोपाठ निम्मे गप्पी आडवे झाले होते. छोट्या टँकमध्ये मेलेली एक मोठी गोगलगाय सगळ्या पाण्याचा निकाल लावू शकते. पन्नास-शंभर रुपयांचा जीव म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. आपण आणला, म्हणजे तो जीव आपल्या जबाबदारीचा.

कोण कोण येतं घरी?

आपल्याकडच्या दुकानांत येणारा बराचसा माल चेन्नईतल्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून निघालेला असतो. म्हणजे पिंपरीच्या दुकानात पोचेपर्यंत या बिचाऱ्यांनी तीन-चार वेळा पाणी बदललेलं असतं. दमलेल्या पाहुण्यांशी आपली गाठ आहे, हे आधीच लक्षात घ्या. नेहमी भेटणाऱ्या चौघी अशा :

*मिस्ट्री स्नेल :* मूळची दक्षिण अमेरिकेची. पिवळी, निळसर, जांभळट अशा रंगांत मिळते. हिला कल्लाही असतो आणि फुप्फुसही. पाण्यातूनच नळीसारखी सोंड वर काढून हवा घेते. बघताना जाम मजा येते. स्वभाव गरीब, धडधाकट झाडांना सहसा त्रास देत नाही. अंडी मात्र पाण्याच्या वर, काचेला, गुलाबी द्राक्षांच्या घोसासारखी चिकटवते.

*नेराइट :* शेवाळ खाण्यात नंबर वन. अंगावर झेब्र्यासारखे पट्टे. गोड्या पाण्यात हिची पिल्लं वाढत नाहीत, त्यांना निमखारं पाणी लागतं. त्यामुळे संख्या वाढायची भीती नाही. फक्त काचेवर तिळासारखे पांढरे ठिपके घालून ठेवते आणि ते खरवडताना हात दुखतात!

*रॅम्सहॉर्न :* मेंढ्याच्या शिंगासारखा चपटा वळसा. खाणं जास्त पडलं की हिची फौज तयार.

*ट्रम्पेट :* लांबट, टोकदार. दिवसा वाळूत, रात्री काचेवर. ही थेट पिल्लंच देते, त्यामुळे आज एक, तर दिवाळीपर्यंत पन्नास.

पहिल्यांदाच आणत असाल तर मिस्ट्री किंवा नेराइट घ्या. मिस्ट्रीचा हिशेब साधारण वीस लिटर पाण्याला एक. म्हणजे तीन फुटी टँकमध्ये चार झाल्या की बोर्ड लावा, 'हाउसफुल्ल'!

पाणी कुठलं? पवनेचं, बोअरचं की टँकरचं?

आता आपल्या पट्ट्यातला खास प्रश्न. गोगलगायीचा शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या फळ्यावरच्या खडूचाच भाऊ. पाणी मऊ आणि आम्लधर्मी असेल तर शंख झिजतो, टोकाला पांढरा पडतो, भोकं पडतात. पाण्यात पुरेसा कॅल्शियम असेल तर तो चकचकीत राहतो.

पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी पवना धरणातून येतं. रावेतच्या बंधाऱ्यातून ते उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करतात. सह्याद्रीतलं पावसाचं पाणी ते, म्हणजे तुलनेनं मऊच. चिखली-मोशीकडच्या काही भागांत आंद्रा धरणाचं, इंद्रायणीतून उचललेलं पाणी येतं. त्यात महापालिकेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, तेव्हापासून कित्येक सोसायट्यांच्या टाकीत नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि टँकर यांची मिसळ झाली. बोअरचं पाणी खडकात मुरलेलं, त्यामुळे जड. बादलीला पांढरे डाग पडतात ना, तेच. माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण मंगळवारी मऊ पाण्यात असलेल्या गोगलगायीला बुधवारी एकदम जड पाणी मिळालं, तर तिला तो धक्काच असतो.

उपाय सोपा आहे. एकाच दिवशी तपासून थांबू नका. नळाचं पाणी आलेल्या दिवशी एकदा आणि टँकर आलेल्या दिवशी एकदा, असं दोनदा तपासा. पीएच ७.२ ते ८, कडकपणा साधारण ८ ते १५ डिग्री आणि तापमान २४ ते २८ अंश असेल तर स्नेल खूश. नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. पाण्यात एकूण किती विरघळलंय एवढंच तो सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते नाही. पाणी बदलताना एका वेळी पाव टँकपेक्षा जास्त बदलू नका, म्हणजे मिसळ कुठलीही असो, झटका बसत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी दुकानातलं अँटीक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला.

आणि किचनमधल्या आरओचं 'प्युअर' पाणी? अजिबात नको. त्यातले क्षारच काढलेले असतात. गोगलगायीसाठी ते उपासाचं पाणी. कॅल्शियम कमी पडतंय असं वाटलं, तर काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन आणा. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तेच. छोटा तुकडा धुऊन टँकमध्ये ठेवला की काम झालं.

गृहप्रवेश : घाई करू नका!

आता मुख्य कार्यक्रम. एक सुट्टीची दुपार मोकळी ठेवा.

*दुकानात :* काचेला चिकटलेली, फिरणारी गोगलगाय निवडा. शंखाला तडा, भोक नको. तोंडाशी झाकणासारखी चकती असते, ती शाबूत हवी. लोंबकळणारी, अर्धी बाहेर आलेली नको. काचेवरून थेट ओढू नका, पायाचा स्नायू फाटतो. हलकेच बाजूला सरकवून सोडवायची. दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा : या टँकमध्ये माशांसाठी तांब्याचं औषध टाकलंय का? तांबं हे गोगलगायींसाठी विषच.

*रस्त्यात :* पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे अंडं उकडेल! सावलीत, हातात किंवा सॅकमध्ये धरा.

*घरी, पहिली वीस मिनिटं :* टँकचा लाइट बंद. बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं.

*पुढचा तास-दीड तास :* पिशवीतलं पाणी स्नेलसकट एका स्वच्छ, साबण न लागलेल्या डब्यात घ्या. एअर पंपाची पातळ नळी घ्या, तिला सैल गाठ मारा आणि टँकचं पाणी थेंब थेंब डब्यात पडू द्या. सेकंदाला दोन-तीन थेंब, सलाइनसारखं. डब्यातलं पाणी तिप्पट झालं की समजा, पाहुणी नव्या पाण्याला सरावली. तोवर सिनेमा बघा, पण डब्यावर जाळी ठेवून. नाहीतर मध्यंतरापर्यंत पाहुणी सोफ्याखाली असते.

*दोन-तीन आठवडे वेगळी खोली :* थेट मुख्य टँकमध्ये सोडायचा मोह आवरा. जुन्या टँकचं पाणी, छोटा स्पंज फिल्टर आणि झाकण असलेला प्लॅस्टिकचा टब पुरतो. माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग स्नेलला होत नाही, पण त्याचे जंतू शंखाला चिकटून येऊ शकतात. इतके दिवस माशांविना काढले की ते उपाशी मरतात. शिवाय शंखावर चिकटून आलेली भलतीच अंडीही या काळात दिसतात. पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये कधीच ओतायचं नाही. ते कुंडीत.

*आणि मग सोडणं :* वरून टाकू नका. हातात धरून तळाशी, तोंडाची बाजू खाली करून ठेवा. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर मिशा अडकतात. झाकण घट्ट, आणि पाणी काठापासून दोन-तीन इंच खाली.

आता खरी परीक्षा, तुमच्या संयमाची. ती एक दिवस, कधी दोन दिवस शंखात बसून राहील. फोन येतो, "मेली वाटतं रे!" नाही मेली. उचलून बघा. झाकण बंद असेल, हात लावल्यावर आत ओढलं जात असेल तर झोपलीय. झाकण सैल पडलं असेल आणि असा वास येत असेल की घर सोडून पळावंसं वाटेल, तर मात्र ताबडतोब बाहेर काढा आणि पाव टँक पाणी बदला.

रूममेट जपून निवडा

गप्पी, मॉली, टेट्रा, कोरी यांच्याशी स्नेलचं छान जमतं. फायटर मासा लहरी. कुणी दुर्लक्ष करतो, कुणी मिशा कुरतडतो. सिक्लिड आणि पफर म्हणजे थेट शिकारी. लोचही तसेच. पट्टेवाला झेब्रा लोच आपल्याच पश्चिम घाटातल्या नद्यांचा रहिवासी आहे आणि आययूसीएनच्या यादीत तो 'धोक्यात आलेला' म्हणून नोंदलेला आहे. 'स्नेल वाढल्या, लोच टाक' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो मानू नका. स्नेल वाढल्या याचा अर्थ तुम्ही माशांना जास्त खायला घालताय. हात आखडता घ्या, संख्या आपोआप कमी होते.

टँकमधलं शेवाळ पोटभर पुरत नाही, त्यामुळे वेगळं खाणं द्यावंच लागतं. दुधीची चकती, काकडी, घेवडा, पालक असं काहीही चालतं. भाजी नीट धुऊन, जरा वाफवून, चमच्याला अडकवून बुडवायची आणि रात्री टाकलेली सकाळी ऑफिसला निघण्याआधी काढायची. फर्स्ट शिफ्टवाल्यांनी अलार्मलाच जोडून टाका.

घरात पेस्ट कंट्रोल असेल किंवा सोसायटीत धुराची फवारणी असेल, तर टँक ओल्या कापडानं झाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर तोच औषध ओढून पाण्यात सोडतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर मिस्ट्री स्नेल वर येऊन हवा घेईल, पण माशांसाठी बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या.

ओढ्यातली फुकटची नको

मावळात ट्रेकला गेलं की ओढ्यात, तळ्यात छोटे शंख दिसतात. बाटलीत भरून आणायचा मोह होतो. आणू नका. आपल्या डबक्यांत सर्रास दिसणारी, चपट्या शंखाची देशी रॅम्सहॉर्न गुराढोरांना होणाऱ्या कृमींची वाहक असते. माणसांच्या बाबतीतलं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात शिस्टोसोमियासिस या रक्तातल्या कृमींच्या आजाराचं केंद्र नोंदवलं. पुढे त्यासाठी तिथल्या पाण्यातल्या, नखाएवढीही नसलेल्या फेरिसिया गोगलगायीकडे संशोधकांनी बोट दाखवलं. घाबरायचं कारण नाही. टँकमध्येच वाढवलेली स्नेल घ्या आणि टँकमध्ये हात घातल्यावर साबणानं धुवा, एवढं पुरे.

...आणि नदीत तर नकोच नको

बदली झाली, लग्न ठरलं, ऑनसाइट निघालात. आता टँकचं काय? 'पवनेत सोडून देऊ, पुण्य लागेल!' थांबा. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच, आणि भीमा जाते उजनी धरणात. शोभेच्या टँकमधून सुटलेले सकर मासे आज उजनीतल्या मच्छीमारांची जाळी फाडतायत, ते असेच कुणीतरी 'पुण्य' म्हणून सोडलेले.

गोगलगायींचा इतिहास तर याहून जुना. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखप्रेमी इंग्रजामुळे मॉरिशसहून आलेल्या आफ्रिकन गोगलगायी कोलकात्यातल्या एका बागेत सुटल्या. आज ती जात देशभरातल्या बागाईतदारांची डोकेदुखी आहे. मिस्ट्रीची चुलत बहीण असलेली सोनेरी अ‍ॅपल स्नेल १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानला नेली आणि तिनं आग्नेय आशियातली भातशेती पोखरली. युरोपीय संघानं २०१२ मध्ये या अख्ख्या वंशावरच बंदी घातली. आणि गोगलगायी पिकाचं काय करतात, हे लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीन शेतकऱ्यांनी २०२२ च्या खरिपात जमिनीवरच्या गोगलगायींमुळे भोगलंय.

नको असलेल्या स्नेल मित्राला द्या, दुकानात परत द्या. मिस्ट्रीचे गुलाबी घोस नको असतील तर खरवडून पिशवीत घाला, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. झाडांची छाटणी आणि टँकमधली वाळूही नाल्यात नको, त्यातून अंडी जातात.

फ्रीजवर चिकटवा!

● टँक किमान सहा आठवडे जुना. अमोनिया आणि नायट्राइट शून्य
● दोन वेगवेगळ्या दिवशी पाणी तपासलं
● घरात तांब्याचं औषध नाही, टँकमध्ये मीठ नाही
● वीस मिनिटं तरंगवणं, तास-दीड तास थेंब थेंब
● दोन-तीन आठवडे वेगळा टब
● झाकण घट्ट, फिल्टरला स्पंज
● समुद्रफेनचा तुकडा आणि आठवड्यातून दोन-तीनदा भाजी
● नदी, नाला, तळं : कधीच नाही

नीट सांभाळली तर मिस्ट्री स्नेल वर्ष-दोन वर्षं सोबत करते. आपल्या इंडस्ट्रीत एवढ्या काळात लोक दोन जॉब बदलतात! तेव्हा येत्या वीकएण्डला दुकानात जायच्या आधी टेस्ट किट घ्या आणि टँक तपासा. आकडे शून्य आले तर पिशवी घेऊन निघा, नाही आले तर पंधरा दिवस थांबा. गोगलगायीला उशिराचं अजिबात वाईट वाटत नाही.